दोन गोळ्यांची गाठ

दिवाळी अंक हाती पडला की वाचक आधी काय शोधतो, हे मला पुरते ठाऊक आहे. आधी विनोदी चित्रे, मग कथा, मग राशिभविष्य, आणि एवढे झाल्यावर फराळाच्या ताटात चिवडा शिल्लक असेल तर आमच्यासारख्यांची सदरे. तेव्हा चकली-कडबोळ्यांच्या या खुसखुशीत दिवसांत औषधाच्या गोळ्यांची गोष्ट घेऊन येणाऱ्या माणसाला आपण उंबऱ्याबाहेरच उभे केलेत तरी माझी तक्रार नाही. शिवाय मी काही डॉक्टर नव्हे. धारूरसारख्या डोंगरातल्या गावी महाविद्यालयात मुलांना मराठी शिकवावे, संधी सोडवून दाखवावेत आणि सुटीच्या दिवशी किल्ल्याकडे फिरून यावे, एवढाच माझा व्यवसाय. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरात दोन अगदी साध्या गोळ्यांची गाठ पडली आणि त्या गाठीपायी आमची अक्का आमच्या हातची जाता जाता राहिली. तो प्रसंग मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितला आहे की आता तो वाचकांनाही सांगितल्यावाचून राहवत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईच्या बरोबरीने तिनेच मला अंगाखांद्यावर खेळविले. ती अकरा वर्षांची असताना, म्हणजे १९७५ च्या सुमारास, तिचा घसा दुखण्याचे निमित्त झाले. घसा सुजला, ताप आला, गेला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी एकेक सांधा धरू लागला. आज गुडघा, उद्या घोटा. ‘वाढत्या वयाचे दुखणे’ म्हणून आईने तेल चोळले. ते दुखणे वाढत्या वयाचे नव्हते. तो सांधेहृदयाचा ताप होता. घशातल्या एका जातीच्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटते आणि झडपांना कायमची इजा करून जाते, असे या तापाचे स्वरूप. सांधे बरे होतात, हृदय होत नाही.

यातली बोचणारी गोष्ट अशी की, घसा दुखत होता तेव्हाच पेनिसिलीन मिळाले असते तर बहुधा हे सारे टळले असते. आणि पेनिसिलीन काही परदेशातून आणावे लागत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने आपल्या सरकारने पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली स्थापन केला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. म्हणजे अक्काच्या जन्माआधीपासून ते आपल्याच राज्यात बनत होते. फक्त पिंपरीहून आमच्या घरापर्यंत पोहोचले नाही. ज्या जातीच्या औषधाअभावी अक्काचे हृदय बिघडले, त्याच जातीच्या औषधाने पुढे तिच्या जिवावर बेतावे, याला काय म्हणावे?

असो. झडप अरुंद होत गेली, चार पायऱ्या चढल्या की दम लागू लागला आणि शेवटी २०११ साली पुण्यास तिची शस्त्रक्रिया होऊन जुन्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविण्यात आली. ही झडप आपल्याच देशातली, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेल्या जातीची. तशी पहिली झडप १९९० साली एका रुग्णाच्या हृदयात बसविली गेली. आज रात्री घरात निजानीज झाली की अक्काच्या जवळ बसणाऱ्याला तिचा ‘टिक् टिक्’ असा बारीक आवाज ऐकू येतो. आमचे चिरंजीव लहान असताना म्हणत, ‘आत्यानं घड्याळ गिळलंय.’

या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. झडप शरीराची नसल्यामुळे तिच्यावरून वाहणारे रक्त तेथे गोठू पाहते. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. म्हणून रोज दिवेलागणीला अक्का एक चिमुकली गोळी घेते. तिचे नाव असेनोकूमॅरॉल. वॉर्फरिन ही तिचीच सख्खी बहीण. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असे आपण म्हणतो खरे, पण रक्त काही पाणी घातलेल्या दुधासारखे पातळ होत नाही. ते फक्त गोठायला अधिक वेळ घेते. किती अधिक, हे पाहण्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचे. त्या तपासणीला आय.एन.आर. म्हणतात, अक्का म्हणते ‘रक्ताचा आकडा’. निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. अक्काचा आकडा २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान असावा, असे तिच्या डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीसारखे आयुष्य. पण अक्का गेली कित्येक वर्षे ते हसत चालली आहे.

या गोळीच्या कुळाची कथा मोठी नवलाची आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० नंतरच्या काळात गुरांना एक विचित्र रोग होऊ लागला. शिंगे कापावीत, लहानशी जखम व्हावी आणि जनावर रक्त वाहून मरावे. बुरशी आलेले एका जातीचे गोड गवत खाल्ल्याने हे होते, असे पशुवैद्यांच्या ध्यानात आले. पण कशामुळे, ते कळेना. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन प्रांतातला एक शेतकरी हिमवादळातून गाडी हाकीत मॅडिसनच्या विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड, ते सडके गवत आणि दुधाच्या बरणीत भरलेले, न गोठणारे रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढ्यात त्याने ते सारे ठेवले. लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा वर्षे खपून १९३९ साली त्या गवतातले मारक द्रव्य वेगळे काढले. त्यावरून पुढे वॉर्फरिन तयार झाले. ते बाजारात आले ते मात्र १९४८ साली, आणि तेही उंदीर मारण्यासाठी. माणसांसाठी त्याचा वापर १९५४ पासून सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर ते देण्यात आले.

ही कथा मी मोठ्या हौसेने अक्काला सांगितली. ती ऐकून घेतल्यावर अक्का म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षं मला उंदराचं औषध घालताय म्हण की रे बापू!’ तेव्हा सगळे पोट धरधरून हसलो. विष आणि औषध यांच्यातले अंतर केवढे बारीक असते, हे त्या हसण्यात कोणाच्याच ध्यानात आले नाही.

आता गेल्या दिवाळीची हकीकत.

नरकचतुर्दशीपासून आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ होती. बालाघाटची सीताफळे उतरण्याचे ते दिवस. अंगणात सीताफळांच्या पाट्या आणि माजघरात फराळाचे डबे. भाऊबीजेला अक्काने मला ओवाळले आणि त्याच रात्री तिचे पोट बिघडले. तेलकट खाण्याचे निमित्त झाले असेल, कुठे पाणी बाधले असेल. सकाळपर्यंत पाच-सहा वेळा जाऊन आली. दवाखाने दिवाळीमुळे बंद. चिरंजीव सायकल काढून मेडिकलवर गेले आणि ‘पोट बिघडल्याची गोळी’ घेऊन आले. ते दुकान कोणते, हे सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी कोणत्याही दुकानात तीच गोळी मिळाली असती आणि कोणीही विचारले नसते की घेणाऱ्याला आणखी काय औषध चालू आहे. जंतुनाशक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा कायदा आहे. पण पोट बिघडल्यावर कायदा कोणाला आठवतो? मला, एम.ए. झालेल्या माणसाला, आठवला नाही.

गोळी होती मेट्रोनिडाझोल. दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी पोट थांबले. ‘पूर्ण घ्या हो वन्सं, अर्धवट सोडू नये म्हणतात,’ असे आमच्या सौभाग्यवतींनी बजावले आणि अक्काने ती इमानाने पूर्ण घेतली. पोटाला तड लागल्यामुळे या दिवसांत जेवण म्हणजे मऊ भात आणि ताक. पालेभाजी नाही. संध्याकाळची चिमुकली गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू.

सहाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना अक्काच्या तोंडून लाल पाणी आले. ‘हिरडी दुखावली असेल,’ ती म्हणाली. दुपारी सौभाग्यवतींना तिच्या मनगटावर, बांगड्या टेकतात तेथे, मोठा काळानिळा डाग दिसला. ‘कुठं आपटलात?’ ‘कुठं नाही गं.’ संध्याकाळी ती मोरीतून बाहेर आली ती चेहरा पांढरा करून. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाली, ‘बापू, लघवी जांभळाच्या रसासारखी होतेय रे.’

गाडी काढून आम्ही आडसच्या रस्त्याने अंबाजोगाई गाठली. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी पाहण्यासाठी मी कितीदा तरी मुलांच्या सहली घेऊन याच रस्त्याने गेलो आहे. त्या रात्री त्या रस्त्याला अंत नव्हता. अक्का मागच्या बाकावर सौभाग्यवतींच्या मांडीवर डोके टेकून होती आणि गाडीतल्या शांततेत झडपेची टिक् टिक् ऐकू येत होती.

रक्ताचा आकडा आला ८.४.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, मधल्या काळात दुसरं काही औषध घेतलं?’

‘नाही हो,’ अक्का म्हणाली. ‘पोटाची गोळी तेवढी घेतली. ती काय औषध?’

वाचकहो, या सगळ्या लेखाचे सार अक्काच्या त्या एका उत्तरात आहे. आपल्या घरांत ‘औषध’ म्हणजे जे मोठ्या डॉक्टरांनी मोठ्या आजारासाठी दिले ते. पोटाची गोळी, घशाची गोळी, अंगदुखीची गोळी ही आपल्या लेखी औषधे नव्हेतच. ती आल्या-गेल्या पाहुण्यासारखी. पण रक्ताला काही आपला आणि पाहुणा कळत नाही.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी थांबवली, ‘के’ जीवनसत्त्व दिले, रोज रक्त तपासले. चौथ्या दिवशी आकडा जागेवर आला, तेव्हा नव्या हिशेबाने गोळी पुन्हा सुरू केली. मेंदूत रक्तस्राव झाला नाही, हे नशीब. घरी निघताना मी त्या डॉक्टरांना म्हटले, ‘मी मास्तर आहे. समजल्याशिवाय माझे समाधान व्हायचे नाही. हे झाले कसे?’ त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. ते मला जसे उमगले तसे सांगतो.

यकृत हे रक्त गोठविणारी काही द्रव्ये तयार करते आणि त्यासाठी त्याला ‘के’ जीवनसत्त्व लागते. हेन्रिक डाम या डॅनिश शास्त्रज्ञाने ते शोधून काढले आणि १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. ‘के’ हे अक्षरही रक्त गोठण्यासाठी त्यांच्याकडे असलेल्या शब्दाचे आद्याक्षर आहे. एकदा वापरलेले ‘के’ यकृत पुन्हा उजाळा देऊन कामाला लावते. अक्काची गोळी नेमका हा उजाळा देण्याचा कारखाना मंदावते. आता पोटाची गोळी आली. तिने दोन बाजूंनी घोटाळा केला. एक तर रोजच्या गोळीचा निचरा करण्याचे काम यकृतातली जी यंत्रणा करते, तिलाच मेट्रोनिडाझोलने अडवून धरले. मग रोज एक गोळी घेऊनही शरीरात दोन-तीन गोळ्यांचे बळ साचू लागले. मुख्य घोटाळा हाच. दुसरे असे की, आपल्या आतड्यांत राहणारे काही जंतू थोडे ‘के’ तयार करून देत असतात. जंतुनाशकाने वाईटांबरोबर तेही मारले. त्यात आजारी माणसाचे जेवण तुटलेले, हिरवी भाजी ताटात नाही; म्हणजे बाहेरून येणारे ‘के’ही आटले.

‘पण मग पहिल्याच दिवशी का नाही दिसले?’ मी विचारले. कारण आधी तयार होऊन रक्तात फिरणारी द्रव्ये दोन-तीन दिवस पुरतात. कणगीतले धान्य संपेपर्यंत दुष्काळ जाणवत नाही, तसे. म्हणून नवे जंतुनाशक सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान रक्ताचा आकडा पाहावा, आणि ते औषध संपल्यावर पुन्हा एकदा पाहावा, असे डॉक्टर सांगतात. आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिला असता तर गोळी थोडी कमी करून काम भागले असते.

मी वर्गात संधी शिकवतो. ‘वाक्’ आणि ‘मय’ शेजारी येतात आणि ‘वाङ्मय’ होते. शेजार घडला की वर्ण आपले रूप बदलतो. गोळ्यांचेही तसेच. एकटी असताना जी सालस, ती दुसरीच्या शेजारी आली की निराळी होते. व्याकरणातल्या संधींचे नियम पाठ करता येतात. गोळ्यांचे सगळे नियम आपणांस पाठ होणार नाहीत. पण काही नावे कानावर असलेली बरी. वॉर्फरिन किंवा असेनोकूमॅरॉल घेणाऱ्यांनी मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमॉक्साझोल यांच्याबाबत विशेष सावध असावे. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हीही आकडा चढवू शकतात. बुरशीवरचे फ्लुकोनाझोल त्याच रांगेतले. इतकेच काय, तोंड आले म्हणून आत लावतात ते मायकोनाझोलचे मलमही. पेनिसिलीनच्या कुळातली औषधे बहुधा सौम्य वागतात. पण ‘बहुधा’ या शब्दावर विसंबून रक्त तपासणे टाळू नये, कारण नुसत्या तापाने आणि उपासानेही आकडा हलतो.

एक औषध मात्र याच्या नेमके उलट वागते. ते म्हणजे क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन. ते यकृताच्या त्या यंत्रणेला अडवीत नाही, उलट चाबूक मारून पळवते. रोजची गोळी मग भराभर निचरून जाते, आकडा घसरतो आणि गुठळी होण्याची भीती उभी राहते. त्यासाठी डॉक्टर गोळीचे प्रमाण वाढवितात. आणि पुढे क्षयाचे औषध संपले की काही आठवड्यांत तेच वाढविलेले प्रमाण अति होऊन बसते. आपल्या देशात क्षयरोग काही दुर्मीळ नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मुंबई-पुण्याच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, ‘आमच्या आजोबांना नवी गोळी आहे, तिला रक्त तपासावे लागत नाही.’ खरे आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना हल्ली रिव्हारोक्साबान, अ‍ॅपिक्साबान, डॅबिगॅट्रान अशा गोळ्या देतात. त्यांना पालेभाजीचे वावडे नाही आणि दरमहा सुई टोचून घ्यावी लागत नाही. पण त्याही संधीच्या नियमातून सुटलेल्या नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधे त्यांचे बळ वाढवितात, रिफाम्पिसिन ते घटविते. उलट येथे आकडा दाखविणारी ती नेहमीची तपासणी नसल्यामुळे सांगण्याची जबाबदारी अधिक. आणि अक्कासारख्या कृत्रिम झडपवाल्यांना या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना जुनीच बरी.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो सांगितला नाही तर मी वाचकांचे नुकसान करीन.

दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. अक्काने तर ताक पिणेच सोडले. ‘यापुढं ती जंतूंची गोळी माझ्यापुढं आणायची नाही,’ असे तिने जाहीर केले. मकरसंक्रांतीच्या सुमारास तिची दाढ सुजली. गाल भोपळ्यासारखा, अंगात कणकण. आम्ही घाबरलो, पण गोळी नको म्हणून तीन दिवस लवंगेच्या तेलावर काढले. पोटाच्या गोळीने आम्हांला शहाणे केले नव्हते, नुसते भित्रे केले होते. चौथ्या दिवशी त्याच डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते चांगलेच रागावले. म्हणाले, ‘मास्तर, दाढेतले जंतू रक्तात उतरून झडपेवर बसले तर काय होईल, कल्पना आहे? त्याहून जंतुनाशक शंभर पटींनी बरे. मी औषध घेऊ नका असे म्हटले नव्हते. सांगून घ्या, असे म्हटले होते.’

कृत्रिम झडपेवर जंतूंनी बिऱ्हाड केले तर तो आजार प्राणावर बेततो. म्हणूनच अशा रुग्णांना दात काढण्याआधीसुद्धा जंतुनाशकाची मात्रा देतात. अक्काला अ‍ॅमॉक्सिसिलीन मिळाले, चौथ्या दिवशी रक्त तपासले, आकडा किंचित चढला होता, डॉक्टरांनी दोन दिवस गोळी अर्धी करावयास सांगितली आणि सारे सुरळीत झाले. भिऊन औषध टाळणे आणि न सांगता औषध घेणे, या एकाच अडाणीपणाच्या दोन बाजू आहेत, हे त्या दिवशी पटले. तसेच रोजची गोळी आपल्या मनाने बंद करणे हाही गुन्हाच. ‘जंतुनाशक चालू आहे, तर ती चार दिवस थांबवू’ असा शहाणपणा घरच्या घरी करू नये. झडपेला चार दिवस पुष्कळ झाले.

आमच्या घरात तेव्हापासून काही नेम झाले आहेत. अक्काला कोणतीही नवी गोळी, मग ती पोटाची असो, खोकल्याची असो की आयुर्वेदिक म्हणून कोणी प्रेमाने दिलेली असो, विचारल्यावाचून द्यायची नाही. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने मुळीच नाही. कारण ती आकडा न चढवताही जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. मेथी, पालक, चाकवत बंद करायचे नाही आणि एकदम ढीगभरही खायचे नाही. दर आठवड्याला सारखे, बेताचे. हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नाही असे रक्त, लाल लघवी, डांबरासारखा काळा शौच, कारण नसता उठलेले काळेनिळे डाग, डोक्याला मार किंवा एकाएकी उठलेली जबर डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्ड. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर मी स्वच्छ मराठीत लिहिले: ‘माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे. मी रोज रक्त न गोठण्याची गोळी घेते.’ खाली गोळीचे नाव, प्रमाण, आकडा किती हवा, शेवटचा आकडा किती व कोणत्या तारखेचा, डॉक्टरांचा आणि माझा दूरध्वनी. शेवटी एक ओळ: ‘कोणतेही नवे औषध देण्यापूर्वी कृपया हे वाचा.’ एक प्रत अक्काच्या बटव्यात, एक कालनिर्णयाशेजारी खिळ्याला. मेडिकलवर जाणाऱ्याने ती खिळ्याची प्रत बरोबर न्यायची, मग तो खडीसाखर आणायला का जात असेना. मी आयुष्यात पुष्कळ लिहिले. पण इतके उपयोगी वाक्य दुसरे लिहिले नसेन.

ही हकीकत मी एकदा वर्गात सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा माझ्यामागोमाग आला. म्हणाला, ‘सर, माझ्या मायचीबी झडप बदलली हाय. ती कोयत्याला जाती.’

शहरातल्या वाचकांना हे सांगावे लागेल. दिवाळी झाली की आमचा मुलूख रिकामा होतो. उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला जाते ती उन्हाळ्याच्या तोंडी परतते. तिकडे फडाजवळ कोप करून राहायचे. पहाटे दवात पाय कापत ऊस तोडायचा, मोळ्या वाहायच्या. त्या बाईच्या हातात कोयता, रक्तात न गोठण्याची गोळी, आणि ताप आला तर जवळच्या दुकानातून मिळेल ती पुडी. रक्ताचा आकडा म्हणजे काय, हे तिला सांगितलेले होते. तो फडावर कोण आणि कोठे पाहणार, हे कोणी सांगितले नव्हते. तिने निदान या वर्षी जाऊ नये, असे मी म्हणालो. मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘उचल घेतलीय सर.’ त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी मिळून ती जाणार होती त्या कारखान्याच्या जवळच्या तालुक्याच्या गावी रक्त कोठे तपासतात, एवढे शोधून काढले आणि तिच्यासाठी कार्ड लिहिले. तिला अक्षरओळख नाही, म्हणून मुलाने ते तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले.

उन्हाळ्यात ती परतली तेव्हा मुलगा कार्ड घेऊन माझ्याकडे आला. दवाने आणि घामाने त्याचा लगदा झाला होता. अक्षर लागत नव्हते. दोनदा ते डॉक्टरांना दाखवावे लागले, असे तो म्हणाला. ‘सर, औंदा प्लॅस्टिक चढवून द्या.’

या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत अक्का आणि मी कार्डे लिहायला बसलो आहोत. एक तिचे, एक त्या माउलीचे, आणि गल्लीतल्या एका काकांचे, ज्यांना नवी गोळी चालू आहे. अक्का तारखा सांगते, मी लिहितो, चिरंजीव प्लॅस्टिक चढवतात. वाचकहो, तुमच्याही घरी रोज संध्याकाळी अशी एखादी चिमुकली गोळी घेणारे कोणी असेल. पाडव्याच्या दिवशी वहीपूजन झाले की पाच मिनिटे त्यांच्यापाशी बसा आणि एक कार्ड लिहा. पेन हाती असतेच. अक्षर मात्र मोठे काढा. आणि प्लॅस्टिक चढवायला विसरू नका.